गंधकाचा शेरा

आमच्या बाजारात चांगल्या मालाला चांगलं म्हणणारा माणूस एकतर नवशिका असतो, नाहीतर किरकोळ गिऱ्हाईक. माझा धंदा बेदाण्याचा. तासगावकडून माल आणायचा, जुन्या दिल्लीतल्या माझ्या गोदामात उतरवायचा आणि इथून पुढे विकायचा. ट्रक आला की मी पहिलं खोकं फोडतो, मूठभर बेदाणा नाकाशी नेतो आणि मालवाल्याला फोन लावून सांगतो की माल वाईट आहे. ओला आहे, काडी जास्त आहे, दाणा बारीक आहे, गंधक मारलाय. समोरचा मला चोर म्हणतो, माझ्या बापाला मध्ये आणतो, ट्रक परत पाठवा म्हणतो. मी म्हणतो, पाठवतो. दोन दिवस असे जातात. मग भाव थोडा खाली येतो, तो हसतो, मी हसतो, घरच्यांची चौकशी होते आणि माल उतरतो. त्या दोन दिवसांत जे बोललं गेलं ते कोणी मनाला लावून घेत नाही. ते बोलणं म्हणजे फक्त भावाकडे जायचा रस्ता.

त्यातला गंधकाचा आरोप सगळ्यात जड. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. जास्त दिली की घशाला लागते, आणि मोठे खरेदीदार असा माल दारातूनच फिरवतात. खऱ्या गंधकाचा वास मला दहा पावलांवरून येतो. पण भाव पाडायचा असेल तेव्हा तो नसतानाही येतो.

हा शब्द मी पहिल्यांदा वापरला तो अण्णांच्या मालावर.

अण्णा आमच्या भागातले मोठे द्राक्ष बागायतदार. बेदाणा वाळवायच्या त्यांच्या स्वतःच्या शेड होत्या. त्यांच्या खोक्यावर हिरव्या शाईत एक द्राक्षाचं पान आणि त्याखाली आडनाव छापलेलं असायचं. तो मार्का दिसला की व्यापारी खोकं न फोडता बोली लावायचे. मी कोवळा होतो तेव्हा हीच खोकी ट्रकमध्ये चढवायचो. पुढे दिल्लीला आलो, इथल्या एका सुकामेव्याच्या पेढीवर झाडू मारला, हिंदी शिकलो, शिव्या शिकलो, माल ओळखायला शिकलो. स्वतःचं गोदाम भाड्याने घेतलं आणि कडक इस्त्रीचा सफारी घालून तासगावच्या सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, खरेदीदार म्हणून उभा राहिलो. 

त्या काळी सौद्यात बेदाण्याची उधळण व्हायची. खरेदीदार मूठ भरून माल घ्यायचे, बघायचे, आणि खोक्यात परत न टाकता भिरकावून द्यायचे. सौदा संपेपर्यंत पायाखाली थर साचायचा. दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टावर आपण चालतोय हे दाखवण्यात खरेदीदारांना मोठेपणा वाटायचा. मलाही तो मोठेपणा हवा होता. मी अण्णांच्या खोक्यात हात घातला, वास घेतला आणि चारचौघांत ऐकू जाईल असं म्हणालो, "गंधक मारलाय."

अण्णांनी त्याच खोक्यातली मूठ उचलून माझ्या छातीवर फेकली.

"दिल्लीला जाऊन नाक आलं व्हय रं तुला?" ते म्हणाले. "परवापातूर माझीच खोकी तुझ्या पाठीवर हुती."

सगळा सौदा हसला. सफारीच्या खिशात चार बेदाणे अडकले होते, ते मला मुक्कामावर गेल्यावर सापडले. त्याच संध्याकाळी अण्णांनी मला बोलावलं, चहा पाजला आणि पहिला ट्रक केवळ शब्दावर दिला. लोक म्हणतात, अण्णांनी तुला उभं केलं. खरं आहे. पण उभं करण्याआधी त्यांनी मला ज्या लोकांसमोर आडवं केलं ते लोक आजही मला भेटतात, आणि त्यांना ट्रक आठवत नाही, मूठ आठवते. पुढच्या पंचवीस वर्षांत मी अण्णांचा सर्वात मोठा खरेदीदार झालो. पण प्रत्येक ट्रकला मी त्यांना तेच वाक्य ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी ते फोनवर तसेच हसले. ते हसायचे याचाच मला राग होता.

अण्णांचा मुलगा आधी गेला, मग अण्णा गेले. शेडचा कारभार सुनेकडे आला. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भाऊ म्हणते. मला वाटलं होतं, ही दोन हंगामांत शेड विकेल. तिने विकल्या नाहीत. ती फोनवर अण्णांपेक्षा वाईट भांडायची. एकदा मी म्हणालो की माल ओला आहे, तर म्हणाली, "तुमच्या दिल्लीच्या हवेत ठेवलात तर पापडही ओला लागेल भाऊ. खिडकी लावा आणि परत बघा." आणखी एकदा मी दाणा बारीक म्हणालो, तर म्हणाली, नवा चष्मा करून घ्या, बिल मला पाठवा. तिच्याशी भांडताना मजा यायची, हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

गुरुग्रामची एक कंपनी पाकीटबंद सुकामेवा विकते. माझा निम्मा माल तिकडे जातो. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. मेट्रोने गेलो. काचेच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर एक मुलगी बसली होती. तिचे वडील नागपूरकडून सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आलेले, ती इथेच वाढलेली, इथेच शिकलेली. मराठी बोलायची, पण गंधकाला सल्फर म्हणायची आणि अडत्या म्हणजे काय हे मला विचारायची. तिने मला ब्लॉकचेन समजावली.

आता माझ्या शब्दांत सांगतो. समजा एक वही आहे. ती एका माणसाकडे नाही, सगळ्यांकडे तिची नक्कल आहे. शेडवाल्याने खोकं भरलं की तो लिहिणार. ट्रकवाल्याने उचललं की तो लिहिणार. मी उतरवलं की मी लिहिणार. प्रत्येकाची नोंद आधीच्या नोंदीला अशी बांधलेली की मधलं पान कोणी फाडलं तर सगळ्यांना दिसतं. कंपनीसारखे आणखी काही मोठे खरेदीदारही त्याच वहीत होते. शेवटी पाकिटावर एक चौकोन छापलेला असतो, गिऱ्हाइकाने त्यावर फोन धरला की बेदाणा कुठल्या शेडमध्ये वाळला ते दिसतं.

मी तिला विचारलं, लिहिलेलं चुकलं तर?

"काका, डिलीट असं काही नसतंच," ती म्हणाली. "एकदा टाकलं की झालं. म्हणून तर ट्रस्ट आहे ना यार." मग जीभ चावून म्हणाली, "सॉरी, काका."

मला ते आवडलं. खोटं नाही सांगत. या धंद्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या. आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या वहीने मला वाचवलं. कंपनीत तक्रार आली की बेदाणा चिकट झालाय, खवट लागतोय. पूर्वी अशा वेळी फोन मलाच यायचा, मी ओरडायचो, शेवटी नुकसान मीच सोसायचो, कारण मी मधला. या वेळी त्या मुलीने खोक्यांचे आकडे काढले. माल माझ्याकडून वेळेवर निघाला होता आणि कंपनीच्याच डेपोत पत्र्याखाली अकरा दिवस पडून होता. तासाभरात निकाल. अठराव्या मजल्यावरचा एक साहेब मला सॉरी म्हणाला. मी त्याला ते दोनदा म्हणायला लावलं.

वहिनीला तर त्या वहीचं वेडच लागलं. ती शेडमध्ये फोन घेऊन हिंडायची, प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टी लावायची, फोटो काढायची. एकदा तिने मला फोन केला, भांडायला नव्हे. म्हणाली, "भाऊ, आज नोएडात कोणीतरी आपलं पाकीट उघडलं. माझ्या फोनवर आलं. अण्णांच्या पानाचा फोटो बघितला त्यांनी." एवढी वर्षं त्यांचा माल माझ्या गोदामाच्या दारात येऊन त्यांच्या नजरेआड व्हायचा. पुढे तो कुठे जातो हे त्यांना माहीत नव्हतं. तिच्या आवाजात जो आनंद होता तो मला तेव्हाच खुपला. तिला माझ्या पलीकडचं दिसायला लागलं होतं. आणि ज्याला पलीकडचं दिसतं त्याला मधला माणूस कशाला लागतो?

हे मी आधी ओळखायला हवं होतं. माझ्या हातांनी मी त्या वहीत माझ्या सगळ्या मालवाल्यांची नावं, गावं, कोणाचा दाणा कसा, कोण वेळेवर देतं, सगळं भरून दिलं होतं. तीस वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या सख्ख्या भावालाही नाही. कंपनीने मला त्यासाठी चहा आणि बिस्किटं दिली.

दिवाळीच्या तोंडावर त्या मुलीचा फोन आला. दुसरंच काही बोलता बोलता म्हणाली की पुढच्या हंगामापासून चांगल्या शेडवाल्यांशी आम्ही थेट बोलणार आहोत, तुमच्या त्या तासगावच्या मॅडमना मेसेज पाठवलाय, त्या खूपच एक्सायटेड आहेत. मी अच्छा म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी वहिनीचा ट्रक आला. दोनशे खोकी. मी पहिलं खोकं फोडलं, मूठ नाकाशी नेली. माल स्वच्छ होता. हिरवा, लांब दाणा, एक काडी नाही. मी नेहमीसारखा फोन लावला आणि नेहमीचं वाक्य म्हणालो. ती नेहमीसारखी तुटून पडली. पण त्या दिवशी तिने एक वाक्य जास्तीचं टाकलं. म्हणाली, "भाऊ, नको असेल तर सांगा. आता मला दुसरी दारं आहेत."

मला त्या वाक्यात अण्णांचं हसू ऐकू आलं.

उजव्या हातात बेदाणा होता, डाव्या हातात फोन. मी वही उघडली. माल आल्याची नोंद करायच्या जागी दोन खुणा असतात, स्वीकारला आणि नाकारला. नाकारला दाबलं की कारण विचारतात. कारणांच्या यादीत गंधक होता. मी दाबला. मग तिला परत फोन करून म्हणालो, लिहून टाकलंय वहिनी, आता बोला.

ती घाबरली. दोन दिवस लागायचे तिथे दोन तास लागले. मी मागेन तेवढा भाव खाली आला. मी माल उतरवून घेतला आणि दिवाळीच्या गर्दीत चार दिवसांत बाजारात विकून टाकला. ज्याने घेतला त्याने पुढच्या वर्षीसाठी तोच मार्का मागितला.

आता कोणी विचारेल की मी ते रागाने केलं की भावासाठी. मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. भावासाठी फोन पुरेसा होता.

दिवाळी झाल्यावर शेरा काढायला गेलो तर तो निघेना. माहीत होतं मला, तिने सांगितलं होतं. पण आयुष्यभर ज्याने बोललेलं दोन दिवसांत मागे घेतलं त्याला न निघणारा शब्द म्हणजे काय हे नुसतं सांगून कळत नाही. गुरुग्रामला गेलो. मुलीने पडदा माझ्याकडे फिरवला. वहिनीच्या नावासमोर लाल ठिपका होता. त्या वहीतल्या सगळ्या खरेदीदारांना तो दिसत होता. लाल ठिपका लागला की त्या शेडचा माल कोणी उचलत नाही, आणि शेडवाल्याला वही उघडतासुद्धा येत नाही. चौकशी पुरी होईपर्यंत दार बंद.

मी विचारलं, मग हे पुसायचं कसं?

पुसायचं नाही, ती म्हणाली, खाली दुसरी नोंद जोडायची. दोनच मार्ग आहेत. त्याच दोनशे खोक्यांतल्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल आणा. माल तर मी विकून बसलो होतो. दुसरा मार्ग म्हणजे ज्याने शेरा मारला त्याने स्वतः लिहून द्यायचं की तपासणी न करता मारला होता.

"मग तिचा ठिपका जातो?"

"जातो." तिने माझ्याकडे बघितलं. "पण काका, मग फॉल्स एंट्री तुमच्या नावावर पडते."

म्हणजे एक लाल ठिपका होता आणि तो दोघांपैकी एकाच्या नावासमोर राहणार होता. मी विचार करून सांगतो म्हणालो. लिफ्टमध्ये मला त्या मुलीचा राग आला, कंपनीचा आला, वहीचा आला. बाजारातली रोजची शिवी या लोकांनी शपथेवर घेतली होती. तुम्ही बाजारात येता तर बाजाराची भाषा शिकून या. हे मी आजही म्हणतो. अठराव्या मजल्यावर बसून त्यांनी खरं बोलायचं यंत्र बनवलं आणि ते आमच्या हातात दिलं. आम्ही खरं कधी बोलतो हे आधी विचारायला नको?

तिकडे तासगावात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या खरेदीदारांची माणसं सौद्यात असतातच. वहिनी खोकी घेऊन गेली की लोक लांबून नाक धरायचे. पानाच्या मार्क्याचा माल शीतगृहात पडून राहिला. तिने मला रोज फोन केला. आधी भांडली, मग समजावलं, मग फक्त विचारायला लागली. मी म्हणायचो, बघतो, साहेब सुट्टीवर आहे, सर्व्हर बंद आहे. मी थांबलो होतो. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, आणि मला तिच्याकडून काय हवं होतं ते मी ठरवलं होतं.

संक्रांतीला ती दिल्लीकडे आली. आमच्या भागातून दर वर्षी लोक पानिपतला काला अंबवर येतात, लढाईत मेलेल्यांना मानवंदना द्यायला. या खेपेला दोन बसगाड्या होत्या. दिल्लीतली आम्ही मराठी माणसं तिथे चहा-नाश्त्याची सोय करतो, त्यामुळे मी असणार हे तिला ठाऊक होतं. सकाळी नऊ वाजता धुकं इतकं होतं की स्मारकाचा विटांचा खांब अर्धाच दिसत होता. फेटे, झेंडे, घोषणा चालल्या होत्या. ती त्यातून सरळ माझ्याकडे आली. अंगावर जाड शाल, हातात कापडी पिशवी. मी तिला बारा वर्षांनी समोर बघत होतो. फोनवरून ती मला उंच वाटायची.

तिने मला बागेच्या कडेला नेलं, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि उघडून धरला. डब्यात बेदाणा होता. म्हणाली, ज्या लॉटवर तुम्ही शेरा मारलात त्याच दिवशी, त्याच शेडमधला आहे, शीतगृहातून आणलाय.

"खा," ती म्हणाली.

मी चार दाणे तोंडात टाकले. माझ्या जिभेने मला एवढ्या वर्षांत कधी फसवलेलं नाही. चावलं, थांबलो, गिळलं. घशाला काही लागलं नाही. नुसतं द्राक्ष होतं.

"माल चांगला आहे," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घराच्या मालाला चांगलं म्हणालो.

"मग हे तिथे लिहा."

मी लिहितो म्हणालो. पण माझी एक अट आहे. इथून पुढे तुमचा सगळा माल माझ्याकडे येणार, दुसरीकडे एक खोकं जाणार नाही, आणि कंपनीशी थेट बोलणं बंद. तिने विचारलं, किती वर्षं. मी म्हणालो, मी धंद्यात आहे तोवर.

माझा हात अजून डब्यापुढे पसरलेला होता. तिने एक मूठ भरून घेतली. मी नकळत मागे सरकलो, माझ्या छातीकडे हात गेला. तिने ते बघितलं.

"अण्णांचं चुकलंच," ती म्हणाली. "मला सासूबाईंनी सांगितलंय. पण मी नाही टाकायची अंगावर. आमच्या घरी पिकलाय तो, मातीत कशाला घालू?"

मूठ तिने डब्यात परत सोडली, झाकण लावलं आणि बसकडे निघून गेली. त्या दिवशी सगळे एकमेकांना तिळगूळ देत होते. मला तिने दिला नाही. मी तिच्या पाठीकडे बघत विचार केला, दोन महिने. जास्तीत जास्त तीन. नवा माल शेडवर येईल तेव्हा ठेवायला जागा लागेल.

हिशोब चुकला नाही. मार्चमध्ये तिचा फोन आला. जुना माल तिने मार्का न लावता, कोऱ्या खोक्यांतून, मिळेल त्या भावाने काढून टाकला होता. ज्या पानासाठी लोक खोकं न फोडता बोली लावायचे ते पान झाकून ती माल विकत होती. नवा माल वाळत आला होता. आवाज सपाट होता.

"तुमची अट मान्य आहे भाऊ. लिहा आता."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरची ती मूठ झटकली जाईल. मी म्हणालो, आत्ता लिहितो. आणि मी खरंच लिहायला बसलो होतो. माझ्या नावासमोर लाल ठिपका पडणार होता, पण तिचा सगळा माल कायमचा माझा असेल तर मला कंपनीची काय गरज? तेवढा सौदा मला परवडत होता.

वही उघडेना. पासवर्ड पुन्हा टाकला, पुन्हा टाकला. त्या मुलीला फोन केला. तिने नोकरी बदलली होती, बेंगळुरूला गेली होती. म्हणाली, ते तर गेल्या महिन्यात बंद केलं काका. खर्च फार येत होता, शेडवाले नोंदी भरत नव्हते, साहेबांचं मन उडालं. तो प्रयोगच होता.

मी विचारलं, मग लाल ठिपके?

"ती लिस्ट सगळ्या बायर्सनी आधीच आपापल्या सिस्टिममध्ये उतरवून घेतली. ती त्यांच्याकडे राहणारच."

"आणि दुरुस्ती कुठे करायची?"

"कुठे म्हणजे... आता कुठेच नाही, काका."

मी जानेवारीत लिहिलं असतं तर दार उघडं होतं. काला अंबहून परत येताना गाडीत बसून, हायवेवरच्या ढाब्यावर चहा पिता पितासुद्धा लिहिता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा मी महिने मोजत होतो.

वहिनीला मी हे सांगितलेलं नाही. तिची वही आधीपासूनच बंद होती, तिला बघता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, लिहिलंत का. मी म्हणालो, लिहिलं. ठिपका गेला का? म्हणालो, जाईल, मोठ्या कंपन्यांची कामं आहेत, वेळ लागतो. तिने माझे आभार मानले. मी ते घेतले.

एप्रिलमध्ये नव्या कराराचा पहिला ट्रक भरायच्या आधी तिचा फोन आला. आता खोक्यांवर पान छापू का, असं विचारत होती. शाई आणून ठेवली होती तिने. पान छापलेलं खोकं ट्रकवर चढताना तासगावात कोणाच्या नजरेला पडलं असतं तर लोकांनी पुन्हा नाक धरलं असतं, आणि मी काहीच लिहिलेलं नाही हे तिला तिथल्या तिथे कळलं असतं. मी म्हणालो, या वर्षी नको, पुढच्या हंगामात बघू. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

ट्रक आला. कोरी खोकी, चारही बाजूंनी कोरी. मी पहिलं फोडलं. मूठ भरली, नाकाशी नेली. गेल्या दहा वर्षांत असा माल माझ्या गोदामात आला नव्हता. सवयीने फोन लावला आणि सवयीने म्हणालो, "वहिनी, गंधक मारलाय."

पलीकडे शेडमध्ये कसलंतरी यंत्र चालू होतं. मी वाट बघत होतो. तिने माझं नाक काढावं, दिल्लीची हवा काढावी, चष्मा काढावा, ट्रक परत पाठवा म्हणावं. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं.

"असेल भाऊ," ती म्हणाली. "तुम्हाला काय भाव द्यायचाय तो द्या."

मी भाव सांगितला. फार खालचा सांगितला, भांडायला जागा राहावी म्हणून. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच भावाने मी माल घेतला. तेव्हापासून दर ट्रकला असंच होतं.